पोथी, ड्रायव्हर आणि काळा कपडा

माझ्या नवऱ्याला चालत्या गाडीला धक्का मारायची खोड आहे. पंखा गपगुमान फिरत असेल तर हा त्याला तेल पाजणार. मिक्सर कुरकुर न करता वाटण वाटत असेल तर हा त्याच्या पोटात डोकावणार. पण त्याचा खरा जीव लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणाऱ्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर. कॉलेजात असताना कोणीतरी त्याला लिनक्सची सीडी दिली, आणि घरात नळाला पाणी असताना बाहेरून बाटल्या आणणाऱ्याकडे बघावं तसा तो तेव्हापासून विकतचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या माणसाकडे बघतो. लिनक्स बिघडतं, पण त्यात त्याची चूक कधीच नसते. ती असते कार्ड बनवणाऱ्या कंपनीची, विजेची, मुंबईच्या दमट हवेची, आणि यातलं कोणीच हाताला लागलं नाही तर माझी. ‘माझं चुकलं’ हे शब्द लग्नानंतर मी त्याच्या तोंडून कधीच ऐकले नव्हते. मी दादरच्या एका शाळेत गणित शिकवते, त्यामुळे ‘कधीच नाही’ असं मी सहसा म्हणत नाही. इथे म्हणते.

आमच्या सासूबाई मूळच्या मालवणकडच्या, पण सगळा जन्म लालबागच्या चाळीत गेला. चाळीत दर मार्गशीर्षात त्या पोथीचं सात दिवसांचं पारायण करायच्या. गॅलरीत पाट मांडून त्या वाचायच्या आणि मजल्यावरच्या बायका चटया टाकून जिन्यापर्यंत बसायच्या. कोणी मेथी निवडतंय, कोणी तांदळातले खडे काढतंय, आणि सासूबाईंचा आवाज तळमजल्यावरच्या पिठाच्या गिरणीवर मात करतोय, असा एकूण थाट. मग चाळ पाडली. आम्हाला परळला टॉवरमध्ये चौदावा मजला मिळाला. बाकीच्या बायका डोंबिवली, विरार करत पांगल्या, एक तर मुलाकडे कॅनडात गेली. आणि पाठोपाठ सासूबाईंचे डोळे गेले. अगदी आंधळ्या नाही झाल्या, पण नजरेच्या मधोमध धुकं आलं आणि डॉक्टर म्हणाले, याला चष्मा नाही. पोथी लाल कापडात बांधून देव्हाऱ्याशेजारी ठेवली गेली.

दोन वर्षं त्यांनी तिला हात लावला नाही. त्या दोन वर्षांत त्यांनी सगळं लक्ष माझ्या स्वयंपाकावर केंद्रित केलं, म्हणजे माझी काय अवस्था झाली असेल ते तुम्हीच समजा.

तेव्हा नवऱ्याने आयुष्यातलं एक खरोखर चांगलं काम केलं. मी त्याला उठता-बसता बोलते, पण हे मान्य केलंच पाहिजे. त्याने एक जुना लॅपटॉप आणला, त्यावर लिनक्स घातलं आणि आईसाठी त्याला दोन पोशाख शिवले. थीम म्हणतात त्याला. दिवसाचा पोशाख म्हणजे फिकट पिवळा कागद आणि त्यावर बोराएवढी काळी ठसठशीत अक्षरं. रात्रीचा म्हणजे काळीभोर पाटी आणि त्यावर पिवळी अक्षरं, शिवाय डोळ्यांना त्रास नको म्हणून पडद्याचा उजेडही मंद. गंमत म्हणजे पोशाख बदलायला काही दाबावं लागत नव्हतं. लॅपटॉपला उजेड ओळखणारा एक बारीकसा डोळा असतो म्हणे, तो खोलीतला उजेड बघून आपला आपण कपडे बदलायचा. आईकडून चुकून भलतंच काही दाबलं जाऊ नये म्हणून नवऱ्याने बाकीची सगळी बटणं लपवून टाकली होती. पोथी मात्र मी टाइप केली. मे महिन्याची सबंध सुट्टी त्यात गेली. त्याचं श्रेय अजून कोणी दिलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

पहिल्यांदा ती अक्षरं वाचता आली तेव्हा सासूबाई पडद्याला नाक लावून बसल्या. एक पान वाचलं, पदर डोळ्यांना लावला, आणि मला म्हणाल्या, “आता तुझ्या डाळीत काय घालतंस ता बघूक येवचंय नाय मी.” मला दोन्हीचा आनंद झाला.

त्या मार्गशीर्षात पारायण पुन्हा मांडायचं ठरलं. लॅपटॉपवर पोथी आणि शेजारी बेसनाच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर चाळीतल्या वीसेक बायका. सोमवारी सुरुवात, रविवारी समाप्ती. सगळं ठरलं, सगळं तयार होतं, सगळं चालत होतं. म्हणजे नवऱ्याला धक्का मारायला अगदी योग्य वेळ.

“अक्षरं वर सरकताना जरा अडखळतात,” आदल्या रविवारी चहा पिता पिता तो म्हणाला.

“आईंनी सांगितलं?”

“तिला कळत नाही. मला दिसतं ना! यात ग्राफिक कार्ड आहे आणि ते नुसतं बसून आहे. त्याचा खरा ड्रायव्हर टाकला की अक्षरं लोण्यासारखी सरकतील.”

“उद्या पारायण आहे.”

“पाच मिनिटांचं काम आहे,” तो म्हणाला. आमच्या घरात जी जी गोष्ट सबंध दिवस चालली आहे तिची सुरुवात याच वाक्याने झाली आहे.

ड्रायव्हर म्हणजे कार्डाला कामाला लावणारं सॉफ्टवेअर. तो आत गेला, लॅपटॉप बंद होऊन पुन्हा चालू झाला, आणि पोशाखाची पार लक्तरं झाली. पडद्यावरच्या खिडक्यांच्या वरच्या पट्ट्याच गायब, त्यामुळे उघडलेलं काही बंद करता येईना. चित्रं मुंगीएवढी झाली आणि माऊसचा बाण मात्र उकडीच्या मोदकाएवढा. पांढऱ्या कागदावर पांढरी अक्षरं उमटली. नवरा म्हणाला, “हे होतंच.” मग त्याने आणखी काहीतरी टाकलं आणि सगळं जांभळं झालं. सासूबाई मागून जात होत्या, जेमतेम दिसतं तरी थबकल्या. “ह्यो बॅण्डवाल्याचो कपडो खयसून आणलंस?” त्याने तो काढून करड्या रंगाचा घातला. त्या म्हणाल्या, “ह्या सुतकातला घर दिसता,” आणि निघून गेल्या.

संध्याकाळपर्यंत त्याने जुन्या फायली पुसल्या, नव्या आणल्या, पुन्हा पुसल्या. दिवे लागायच्या वेळी शेवटी दोन्ही पोशाख जसेच्या तसे परत आले. खोलीतला दिवा लावला की पिवळा कागद, मालवला की काळी पाटी. अक्षरं खरंच लोण्यासारखी सरकत होती. नवऱ्याने तीन-चारदा दिवा लावून-मालवून आम्हाला दाखवलं. समोरच्या टॉवरमधल्या लोकांना वाटलं असेल, आम्ही कोणाला खुणा करतोय.

सोमवारी तो नेहमीसारखा लवकर ऑफिसला गेला. माझी शाळा दुपारची, त्यामुळे मी घरीच. सासूबाईंनी आंघोळ करून नवी नऊवारी नेसली. हॉलच्या मोठ्या खिडकीपाशी पाट, त्यावर लाल कापड, त्यावर लॅपटॉप. पोथीची करतात तशी साग्रसंगीत पूजा झाली, गंध, अक्षता, फूल, उदबत्ती. मोबाइलवर बायका जमल्या होत्या, निम्म्या दिसत होत्या आणि निम्म्यांचं नुसतं कपाळ दिसत होतं. सासूबाईंनी हात जोडले, गणपतीला नमन केलं, तेवढं पाठ होतं. मग पडद्याकडे बघितलं आणि थांबल्या.

पडद्यावर रात्र झाली होती. लख्ख सूर्यप्रकाशात काळी पाटी, आणि तीही मंद. अक्षरं मलाही दिसेनात.

“काय दिसतं?” मी विचारलं.

“माजा तोंड दिसता,” सासूबाई म्हणाल्या.

मोबाइलमधून आवाज यायला लागले. “काकी, आवाज येत नाही हो!” “म्यूट झालात का?” “माझंच नेट गेलं वाटतं.” मी नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, बंद करून चालू कर. केलं. रात्रच. पडदे ओढले, पण टॉवरमधले पडदे म्हणजे दाखवण्यापुरते, त्यांतून उजेड गाळून येतो एवढंच. आतल्या खोलीत न्यावं म्हटलं तर सासूबाईंनी हात धरला. मांडलेलं आसन समाप्तीपर्यंत हलवायचं नाही, हा चाळीपासूनचा नियम. शेवटी मी छत्री उघडून त्यांच्या डोक्यावर धरली. वीस बायका मोबाइलमधून बघत होत्या. “तुमच्याकडे गळतंय का गं?” डोंबिवलीची एक म्हणाली.

एवढ्यात दारातून समोरच्या फ्लॅटमधले अंकल डोकावले. हे कॅथलिक, जन्म गिरगावच्या वाडीतला, घराणं फोटोग्राफरचं. अर्ध्या गिरगावची लग्नं यांच्या वडिलांनी काढली, उरलेली यांनी. नवऱ्याचे ते कट्टर विरोधक, कारण ते विंडोज वापरतात आणि त्यांचं कधी काही बिघडत नाही. त्यांनी पडदा पाहिला, छत्री पाहिली, मला पाहिलं.

“टीचर, छत्रीने काय होणार? थांबा.”

ते आपल्या घरी गेले आणि आजोबांच्या उभ्या कॅमेऱ्याचा काळा कपडा घेऊन आले. जुने फोटोग्राफर डोक्यावर घेऊन आत शिरायचे, तो. डांबराच्या गोळ्यांचा वास सगळ्या हॉलमध्ये पसरला. तो कपडा त्यांनी सासूबाई आणि लॅपटॉप या दोघांवर मिळून घातला. आतल्या अंधारात पिवळी अक्षरं झक्क दिसायला लागली आणि कपड्यातून खणखणीत आवाजात पारायण सुरू झालं.

बाहेरून जे दिसत होतं ते मात्र सांगण्यासारखं नाही. पाटापाशी एक काळा डोंगर बसला होता आणि तो ओव्या म्हणत होता. कॅनडातल्या बाईने मला वेगळा मेसेज केला, “काकी बऱ्या आहेत ना?”

संध्याकाळी नवरा आला. त्याची एक पद्धत आहे, लॅपटॉपपुढे बसण्याआधी तो चष्म्याच्या कापडाने त्याला वरपासून खालपर्यंत पुसून घेतो. “केवढी ही पिवळी धूळ!” तो म्हणाला. “परळभर खोदून ठेवलंय नुसतं.” मग त्याने लॅपटॉप चालू केला. पिवळा कागद, काळी अक्षरं. दिवा मालवला, काळी पाटी. लावला, कागद.

“चालतंय की,” तो म्हणाला.

“सकाळी चालत नव्हतं.”

“मी बघतो तेव्हा नीट चालतं.”

हे वाक्य जगातल्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याने प्रत्येक बाईला ऐकवलेलं आहे. मी त्याला सरळ हिशेब सांगितला. सकाळी बिघडतं, संध्याकाळी सुधारतं, तर दोहोंमध्ये काय फरक आहे ते शोध. तो म्हणाला, फरक उघड आहे, सकाळी तू घरात असतेस. मी त्या रात्री कोबीची भाजी केली. त्याला कोबी आवडत नाही.

मंगळवारी पुन्हा तेच. पूजा झाली, हात जोडले, आणि रात्र. काळा कपडा. वाचन संपता संपता कपड्याची कड वाऱ्याने उडायला लागली, तसा पडदा एकदम फटकन उजळला, मग पुन्हा मावळला, मग पुन्हा उजळला, आणि सासूबाई आतून ओरडल्या, “अगो, कोण दिवे करता?” बुधवारी तसंच. नवरा रोज संध्याकाळी यायचा, पुसायचा, धुळीला शिव्या घालायचा, आणि बघायचा तर सगळं नीट. मग तो एक नवा सिद्धांत मांडायचा. पोशाखाची आवृत्ती आणि ड्रायव्हरची आवृत्ती यांचं पत्रिकेत जमत नाही. लॅपटॉप सकाळी थंड असतो. लिफ्टच्या मोटारीमुळे वीज खालीवर होते. खिडकीतलं ऊन कार्डाला झोंबतं. पुरावा एकाचाही नव्हता. माझ्या वर्गातल्या पोराने अशी सिद्धता लिहिली असती तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

“ते आपोआप बदलणंच बंद करून टाक ना,” मी म्हटलं. “नुसता दिवस ठेव.”

“म्हणजे डोकं दुखतं म्हणून डोकंच कापायचं?” तो दुखावला. “अगं, तेच तर माझं सगळ्यात सुंदर काम आहे. मी ते दुरुस्त करणार.”

अंकल रोज सकाळी कपडा घेऊन हजर. चेष्टा करायचे, पण कपडा घालताना सासूबाईंच्या अंबाड्याला धक्का लागू नये म्हणून दोन्ही हातांनी अलगद सोडायचे. एकदा जाता जाता नवरा त्यांना लिफ्टपाशी भेटला. अंकल म्हणाले, “काय रे, तुझं लिनक्स एकदम भारी आहे हां. आमच्या आजोबाच्या टायमाला गेलो आपण परत.” नवरा दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही.

शेवटी त्याने इंटरनेटवर, लिनक्सवाल्यांच्या चावडीवर, आपली कैफियत मांडली. कुठल्याशा परदेशातल्या माणसाने उत्तर दिलं. फार शहाणा माणूस असावा. त्याने एकच प्रश्न विचारला होता, की बिघाड होण्याच्या आधी तुम्ही त्या मशीनला नेमकं काय करता? नवऱ्याने तो मला मोठ्याने वाचून दाखवला, हसला, आणि उत्तर लिहिलं, “काहीही नाही. माझी आई फक्त समोर बसून वाचते.” मी मागेच उभी होते. मलाही ते उत्तर बरोबर वाटलं.

गुरुवारी कपड्याच्या आत सासूबाईंना दम लागला. दोनदा थांबल्या, पाणी प्यायल्या. शुक्रवारी तिसऱ्यांदा थांबल्या तेव्हा मी कपडा वर उचलला, तर आत घामाने निथळत बसलेल्या, कुंकू ओघळून नाकावर आलेलं. तरी दिवसाचा भाग पुरा केलाच.

त्या संध्याकाळी नवरा लॅपटॉप उघडून बसला होता, तेव्हा त्या हळूच त्याच्याजवळ येऊन बसल्या.

“ऱ्हवांदे रे झिला,” त्या म्हणाल्या. “नको त्रास घेव. माका कळता ता. हात जोडतंय, आणि जोडल्याबरोबर काळोख होता. दुसऱ्या कोणाक होता काय? तुका होना नाय, हिका होना नाय. देवाकच नको दिसता माजा वाचन. उद्या बघतंय. नाय झाला, तर पोथी बांधून ठेवतंय.”

नवरा काहीतरी ड्रायव्हरबद्दल बोलायला गेला, आणि वाक्य अर्धवट सोडून त्याने लॅपटॉप मिटला. इतके दिवस मला या प्रकाराचं हसू येत होतं, ते तिथेच थांबलं. त्यांच्या डोळ्यांतलं धुकं मी पाहिलं होतं, पण देवाने आपल्याला नाकारलं असं वाटून घेतलेला चेहरा पाहिला नव्हता. एवढ्यासाठी टाइप केली होती का मी पोथी?

शनिवारी नवऱ्याने रजा टाकली. सासूबाई आंघोळीला गेल्यापासून तो पाटापुढे मांडी घालून राखणीला बसला. पडदा लख्ख पिवळा. त्याने खिडकीतून ऊन येऊ दिलं, अडवलं, लिफ्ट वरखाली करून बघायला मला पाठवलं. मी दोनदा तळमजल्यापर्यंत जाऊन आले. काही झालं नाही. अंकल दारात कपड्याची घडी छातीशी धरून उभे होते. मोबाइलवर बायका आल्या, आज नाही झालं तर पोथी बांधली जाणार हे त्यांनाही बहुतेक कळलं होतं.

सासूबाई आल्या. बसल्या. सहाणेवर चंदन उगाळून ठेवलं होतं. त्यांनी अनामिकेवर भरपूर गंध घेतलं, डाव्या हाताने चाचपत लॅपटॉपची वरची कड शोधली, तिचा मध्य शोधला, आणि देवाच्या कपाळाला लावावं तसं, अगदी मधोमध, दाबून लावलं. मग अक्षता, मग फूल. हात जोडले.

पडद्यावर रात्र झाली.

नवरा ते गंध बघत राहिला. मीही बघितलं. ओलं, दाट, रुपयाएवढं गंध. त्याच्या बरोबर खाली तो उजेड ओळखणारा बारीक डोळा असतो. ओलं असेतो मिट्ट काळोख, वाळून तडकलं की उजेडाची तिरीप, आणि संध्याकाळी हा भला माणूस येऊन ती ‘पिवळी धूळ’ पुसून टाकणार. ड्रायव्हर बिचारा रविवारीच सुधारला होता. आणि परदेशातल्या त्या माणसाला आम्ही लिहिलं होतं, मशीनला काहीही करत नाही. आमच्या डोक्यात आलंच नाही, पूजा म्हणजे मशीनला काही करणं असतं हे.

मला वाटलं, आता हा उडी मारणार. आठवडाभर बोलणी खाल्लेला, अंकलनी चिडवलेला, लिनक्स निर्दोष आहे याचा पुरावा साक्षात डोळ्यांसमोर आलेला माणूस. तेवीस वर्षांच्या संसारात चूक खरोखरच दुसऱ्याची असण्याची ही बहुधा पहिलीच वेळ. त्याने तोंड उघडलंसुद्धा.

मग त्याने आईकडे पाहिलं. तिचे हात अजून जोडलेले होते आणि ती काळोखाकडे बघत होती.

त्याने तोंड मिटलं. हात पुढे केला, अंगठ्याने गंध पुसून घेतलं, आणि पडद्यावर लख्ख दिवस उजाडला.

“काय केलंस?” सासूबाईंनी विचारलं.

“आई, माझं चुकलं,” तो म्हणाला. “मी नको तो ड्रायव्हर टाकला होता. आत्ता काढला. देवाचा काही संबंध नाही. सगळं माझंच चुकलं.”

अंकलच्या हातून कपड्याची घडी सुटली.

“इतक्या बेगीन काढलंस?” सासूबाई म्हणाल्या.

“लिनक्स आहे,” तो म्हणाला. तेवढं त्याच्याने राहवलं नाही. मग त्याने त्यांचं बोट धरून गंधात बुडवलं आणि लॅपटॉपच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर नेऊन टेकवलं. “आणि गंध इथे लाव. पायाशी. पोथीच्या पायाशी लावावं.”

त्यांनी मुकाट्याने लावलं. आणि मग, दोन वर्षं आणि पाच दिवसांनी, उघड्या हॉलमध्ये, भर उजेडात त्यांचा आवाज चढला. डोंबिवलीवाली रडत होती. अंकल खुर्ची ओढून शेवटपर्यंत बसून राहिले, त्यांना त्यातलं किती कळलं देव जाणे. रविवारी समाप्ती झाली, प्रसादाचा शिरा मी केला. सासूबाई म्हणाल्या, साखर कमी आहे. म्हणजे सगळं पूर्वीसारखं झालं होतं.

त्या दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात भांडी आवरत होतो. मला राहवत नव्हतं. खरं सांगावं की सांगू नये, ओठांवर येत होतं आणि मी गिळत होते. सासूबाईंनी कढई पुसली, खुंटीला अडकवली आणि दाराकडे कान देऊन नवरा बाहेर आहे याची खात्री केली.

“अगो,” त्या हळूच म्हणाल्या, “माका डोळ्यांनी कमी दिसता, अकलेन न्हय. गंध पुसला नि उजेड पडलो, ह्या माका कळला नाय असा वाटता तुका?”

मी पातेलं खाली ठेवलं. “मग बोलला का नाहीत?”

“जल्मात पयल्यांदाच ‘माजा चुकला’ म्हणालो तो,” त्या म्हणाल्या. “कित्याक मोडता घालू? ऐकूक बरा वाटला माका.”

नवऱ्याला मी अजून हे सांगितलेलं नाही. पुढच्या मार्गशीर्षात पारायणाच्या पहिल्या दिवशी त्याने मुद्दाम रजा घेतली होती. सासूबाईंनी कोपऱ्यावर गंध लावायचं सोडून, सवयीने म्हणा, बोट पुन्हा वर कपाळावर नेलं. रात्र झाली. नवऱ्याने घाईघाईने अंगठा फिरवला आणि म्हणाला, “माझं चुकलं आई, ड्रायव्हर.” सासूबाईंनी डोळे मिटून ते ऐकलं, तीर्थ घेताना मिटतात तसे, आणि मग माझ्याकडे मान वळवून किंचित हसल्या.

मी गणिताची बाई आहे. एखादी रीत हाती लागली की ती आपल्या उदाहरणालाही लावून बघावीशी वाटते. एका रविवारी नवरा घरात असताना मी चंदन उगाळलं, त्याच्या डोळ्यांदेखत लॅपटॉपच्या कपाळाला चांगलं रुपयाएवढं गंध लावलं, आणि काळोख झाल्यावर त्याच्याकडे बघत उभी राहिले.

“पुसून घे ते,” तो म्हणाला, आणि पेपर वाचायला लागला.